कागदावरून पडलेलं आडनाव

निपाणीच्या आसपासच्या एखाद्या गावात गाडीतून उतरून ‘सनदींचं घर कुठं?’ असं विचारलं, तर पत्ता लगेच मिळत नाही. उलट प्रश्न येतो, “कुठल्या सनदींचं? मराठ्यातल्या, मुसलमानातल्या, लिंगायतातल्या, का जैनातल्या?” विचारणारा बाहेरचा असेल तर गोंधळतो. आडनावावरून जात ओळखायची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की एकच आडनाव चार उंबऱ्यांवर दिसलं की माणसाला त्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आमच्या भागात कुणालाच तसं वाटत नाही. सनदी हे जातीचं नाव नव्हतंच कधी. ते एका कागदाचं, त्या कागदावर मिळालेल्या जमिनीचं आणि त्या जमिनीपायी रात्र रात्र जागलेल्या माणसांचं नाव आहे.

माझं माहेरचं आडनाव सनदी. लग्नानंतर कागदोपत्री ते सुटलं. गावात मात्र मी अजून सनद्याची लेकच आहे. वेदगंगेच्या काठाला आमचं गाव, आणि गावाच्या वरल्या अंगाला ‘सनदी पट्टी’ नावाचं शेत. माझ्या लहानपणी तिथं तंबाखू असायची. पानं वाळत घातली की राखणीला आज्जा खळ्यावर झोपायचा आणि सुट्टीत आम्ही पोरं त्याच्या घोंगड्यात घुसायचो. आडनावाची गोष्ट मी पहिल्यांदा तिथंच ऐकली. आज्जा सांगायचा, “आपला मूळ पुरुष निपाणकर सरकारच्या खजिन्यासंगं चालायचा. हातात भाला, कमरंला इळा. वाटंत चोरांनी गाठलं, तर ह्यो एकटा हुबा ऱ्हायला. सरकार खूश झालं आणि म्हणालं, माग काय पायजे त्ये. त्यानं शेत मागितलं. सरकारनं शेत दिलं आणि सनद दिली. तवापास्नं आपण सनदी.”

प्रत्येक वेळी गोष्टीच्या आधी आज्जा एक वाक्य हटकून म्हणायचा : “ह्ये मला माझ्या आज्ज्यानं सांगितलं, आणि त्येला त्येच्या चुलत्यानं.” पोरवयात आम्हांला हे वाक्य लांबण वाटायचं. पुढे कळलं, की अरबीत ‘सनद’ म्हणजे नेमकं हेच. स-न-द हे त्याचं मूळ, आणि त्याचा पहिला अर्थ टेकणं, आधार घेणं. ज्याला पाठ टेकायची तो सनद. राजा ज्या लोडाला टेकून बसतो ती मसनद, तीही याच मुळाची. इस्लामी परंपरेत पैगंबरांची वचनं गोळा करणाऱ्या विद्वानांनी प्रत्येक वचनाआधी सांगणाऱ्यांची साखळी लिहून ठेवली : हे मी अमक्याकडून ऐकलं, त्यानं तमक्याकडून ऐकलं. त्या साखळीलाही सनदच म्हणतात. साखळीतला एक माणूस जरी अविश्वासू निघाला, तरी वचन कमजोर ठरतं. खळ्यावरच्या आमच्या आज्ज्याला अरबीचं एक अक्षर ठाऊक नव्हतं. तरी गोष्ट टेकायला माणूस लागतो, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

हा शब्द अरबस्तानातून थेट वेदगंगेच्या काठावर आला नाही. तो फारसीतून आला, आणि फारसीत येईपर्यंत त्याचा अर्थ सरकारी झाला होता : अधिकार देणारा कागद. बेळगावचा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. बेळगावच्या किल्ल्यातली साफा मशीद आदिलशाही सरदार असदखानाच्या काळाची. या शाहीतला पहिला इब्राहिम आदिलशहा गादीवर आला तेव्हा त्यानं हिशेबाच्या दप्तरात फारसीच्या जागी देशी भाषा आणली, असं फिरिश्ता लिहितो. दप्तरात ब्राह्मण कारकून बसले. वर फारसी मजकूर आणि खाली मराठी, असे कागद निघू लागले. या दप्तरातूनच अरबी शब्द फारसीचा वेश घालून मराठीच्या आणि कन्नडच्या घरात आले. पुढे शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि परक्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. दरबाराची भाषा त्यानं काही प्रमाणात बदलली, पण सनद हलली नाही. 1719 साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून घेऊन आले त्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदाच होत्या. आजही वकिलाला सनद मिळते, सरकारी कचेरीबाहेर नागरिकांची सनद टांगलेली असते, आणि जिल्हाधिकाऱ्याला मराठी वर्तमानपत्रं सनदी अधिकारी म्हणतात. आमच्या घरी बेळगावचा ‘तरुण भारत’ यायचा. त्यात सनदी अधिकाऱ्यांच्या बदल्यांची बातमी आली की आज्जा त्या शब्दावर बोट ठेवून मला पुन्हा मोठ्यानं वाचायला लावायचा.

एवढी थोर कुळी असलेला शब्द राखणदाराच्या घरावर कसा येऊन बसला? त्याचं उत्तर ‘शेतसनदी’ या जुन्या शब्दात आहे. दक्षिण महाराष्ट्र म्हणून इंग्रज ज्या मुलखाला ओळखत, त्या बेळगाव-धारवाड-कोल्हापूरच्या पट्ट्यात रोख पगाराऐवजी शेत देऊन ठेवलेले शिपाई असत. गावची राखण करायची, गडावर पहारा द्यायचा, वसुलाची रक्कम ठाण्यापर्यंत पोचवायची, लढाई उभी राहिली तर बोलावणं येताच हत्यार घेऊन निघायचं. बदल्यात शेत मिळे. त्याच्यावर पूर्ण सारा नसे, थोडीशी जुडी भरावी लागे. काम बापाकडून लेकाकडे जाई आणि शेतही. शेत ज्या कागदावर मिळालं तो कागद म्हणजे सनद, आणि कागदवाला तो शेतसनदी. बोलता बोलता पुढचं शेत गळलं आणि सनदी तेवढं राहिलं.

हे आडनाव चिकोडी, हुक्केरी, गोकाक, कागल, गडहिंग्लज या पट्ट्यात इतकं दाट का, याचं कारण मला या मुलखाच्या जागेत दिसतं. ही कायमची शिवेवरची जमीन. एका बाजूला कोल्हापूरकर छत्रपती, दुसरीकडे पेशव्यांचे पटवर्धन, मध्ये निपाणकर देसाई, खाली कित्तूरकर. चिकोडी आणि मनोळी हे दोन तालुके कोल्हापूर आणि निपाणकर यांच्यात वर्षानुवर्षं ओढले जात होते. 1812 च्या तहात इंग्रजांनी कोल्हापूरकरांना त्यांच्यावरचा हक्क सोडायला लावला. आपण सीमाप्रश्न 1956 पासून मोजतो. आमच्या गावांनी त्याच्या आधी किती धनी पाहिले! धनी बदलत राहिले, पण प्रत्येकाला गावात जागणारा माणूस हवाच होता. वल्लभगड, सामानगड, पारसगड, भीमगड असे गड उशाला, आणि प्रत्येक गडाला माणसं लागत. शिवेवर शिपाई जास्त, म्हणून सनदा जास्त, म्हणून सनदी जास्त.

राखणदार निवडताना धन्यानं जात विचारली नाही. अंगात ताकद, गावात पत आणि डोळ्याला जाग एवढं बघितलं. म्हणून सनद मराठ्याच्या घरी गेली, मुसलमानाच्या गेली, लिंगायताच्या, जैनाच्या, धनगराच्या घरी गेली. आमच्या गावात वरल्या आळीला मुसलमान सनदी आहेत. आमचं आणि त्यांचं शेत एकाच बांधाला लागून. आज्जा सांगायचा, की जुन्या काळी पहाऱ्याची पाळी होती : एक महिना आमचं घर, एक महिना त्यांचं. एका घरी सुतक असलं किंवा लग्न असलं, की दुसऱ्यानं न सांगता पाळी उचलायची. त्या पाळीतून जे नातं तयार झालं त्याला आमच्याकडे भावकीच म्हणतात. मोहरमात पंजे उठले, की डोल्यापुढची मशाल आमच्या घरातल्या पुरुषानं धरायची, आणि गावच्या यात्रेत पालखीपुढं काठी घेऊन त्यांच्या घरातला माणूस चालायचा. वरल्या आळीतल्या चाचीनं माझ्या आईच्या बाळंतपणात रात्री काढल्या. रात्र जागायचं काम दोन्ही घरांचं, असं ती म्हणायची. निपाणीत तर संत बाबा महाराज चव्हाणांनी पिराने पीर दस्तगीर साहेबांचा दर्गा स्थापला, आणि त्याचा उरूस आजही सगळं शहर भरवतं. अशा मुलखात एकच आडनाव दोन धर्मांत असण्याचं नवल कुणाला वाटावं?

थोरली आत्ती खानापूर तालुक्यात दिलेली. तिच्या गोष्टी आज्ज्यापेक्षा वेगळ्या. आज्ज्याच्या गोष्टीत सरकार खूश व्हायचं, आत्तीच्या गोष्टीत सरकार शेत काढून घ्यायचं. तिच्या सासरच्या बायका कन्नड गीगी पदं ऐकायच्या आणि त्यातून तिला संगोळ्ळी रायण्णा तोंडपाठ झाला होता. मराठीत सांगताना ती त्याला ‘आपला रायण्णा’ म्हणायची. रायण्णा धनगर समाजाचा, बैलहोंगल तालुक्यातल्या संगोळ्ळीचा, आणि कित्तूरचा शेतसनदी. म्हणजे आडनावाच्या अर्थानं आत्तीचं म्हणणं खरंच होतं. 23 ऑक्टोबर 1824 ला कित्तूरच्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला, राणी चन्नम्मा बैलहोंगलला कैदेत गेल्या. इतिहासाच्या पुस्तकात बहुधा इथं प्रकरण संपतं. गावात ते इथं सुरू झालं. कित्तूरच गेलं, तेव्हा कित्तूरच्या सनदेला किंमत काय उरणार? कंपनीच्या अंमलात शेतसनद्यांच्या जमिनींवर सारा चढला, काहींच्या जमिनी गेल्या. रायण्णाचंही शेत त्यात गेलं. त्यानं माणसं जमवली, आणि ती मुख्यतः त्याच्यासारखीच, जमिनीला मुकलेली. 1830 च्या जानेवारीत त्यांनी बिडीची सरकारी कचेरी जाळली. “आदी कचेरी का जाळली सांग,” असं आत्ती विचारायची आणि आपणच उत्तर द्यायची, “जमीन गेली ती कागदानं. म्हणून आदी कागद जाळला.” रायण्णाला फितुरीनं पकडलं आणि 26 जानेवारी 1831 ला नंदगडला फाशी दिलं. तिथल्या वडाला बायका अजून पाळणे बांधतात. आत्तीनंही बांधला होता.

माझ्या मते आमच्या भागातल्या एकोणिसाव्या शतकाची किल्ली आत्तीच्या त्या एका उत्तरात आहे. 1839 साली सिधोजीराव निपाणकर गेले, आणि औरस वारस नाही म्हणून कंपनीनं जहागीर खालसा केली. 1844 साली सामानगडच्या गडकऱ्यांनी बंड केलं, ते त्यांच्या चाकरीच्या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात द्यायचा घाट घातला म्हणून. कोल्हापूरच्या गादीचा अभिमान त्यात होताच, पण आधी शेत होतं. मग आली इनाम चौकशी. तिची सुरुवात आमच्याच दक्षिण महाराष्ट्रात झाली, आणि 1852 च्या 11 व्या कायद्यानं तिला दात फुटले. करमाफ जमीन कसणाऱ्या प्रत्येकानं आपला हक्क सिद्ध करायचा. सनद दाखव, नाहीतर सारा भर. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा हक्क सगळ्या गावाला तोंडपाठ होता, त्यांना पहिल्यांदा कळलं की गावाच्या तोंडाला साहेबाच्या तंबूत किंमत नाही.

आमच्या घरातली सगळ्यात दुःखाची गोष्ट याच काळातली आहे आणि ती आज्जा कधी स्वतःहून सांगायचा नाही. आज्जी सांगायची, तीही चुलीपुढं, हळू आवाजात. सनद वेळूच्या नळीत घालून, मेण लावून, माळवदाच्या तुळईला टांगलेली होती. दसऱ्याला नळीची पूजा व्हायची, पण उघडायची कुणी नाही. चिकोडीला कागद दाखवायचा हुकूम आला तेव्हा नळी उतरली. आत वाळवीनं केलेली माती होती. घरातला कर्ता पुरुष ती माती तशीच नळीत भरून चिकोडीला घेऊन गेला. वरल्या आळीचा मुसलमान सनदी आपला कागद घेऊन सोबत गेला आणि साहेबापुढं म्हणाला, की माझ्या कागदात ज्या पाळीचा उल्लेख आहे त्या पाळीचा दुसरा माणूस हा. त्या साक्षीवर निम्मं शेत राहिलं, निम्मं गेलं. हे खरं कसं मानायचं, असं मला शहरातल्या एका जाणत्या माणसानं विचारलं होतं. सनदी पट्टीचा निम्मा भाग आजही दुसऱ्याच्या नावावर आहे, आणि दर दसऱ्याला आमच्या घरी रिकाम्या नळीची पूजा होते. मला एवढं पुरतं.

ज्यांच्याकडे कागद होते तेही सुटले नाहीत. नरगुंदच्या भास्करराव भाव्यांना दत्तक नाकारला गेला. या मुलखाचा पॉलिटिकल एजंट मॅन्सन हा पूर्वी इनाम कमिशनमध्ये काम केलेला. 1858 च्या मे महिन्यात नरगुंदकरांनी त्याला सुरेबानला मारलं, आणि 12 जूनला त्यांना बेळगावात फाशी झाली. लोकांचा राग कंपनीवर होता, तसाच तो कागद मागणाऱ्या हातावरही होता.

स्वातंत्र्यानंतर सनदी वतनं संपली, आणि ती संपतानाही शिवेनं आपला रंग दाखवला. 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कागलच्या बाजूची खालच्या गावकामगारांची वतनं 1958 च्या मुंबईच्या कायद्यानं गेली, निपाणीच्या बाजूची 1961 च्या म्हैसूरच्या कायद्यानं. चाकरी बंद, आणि ठरलेली रक्कम भरली की जमीन पुन्हा त्याच घराला. आमच्याकडे याला रिग्रँट म्हणतात. बेळगाव-निपाणीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी जे मोजके इंग्रजी शब्द पक्के बसलेत त्यात हा एक. आमची एक चुलत शाखा कागलकडे राहिलेली. एकाच मूळ पुरुषाचं शेत, पण त्यांचा सातबारा मराठीत आणि आमचा उतारा कन्नडमध्ये. आज्ज्याला कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही. वरल्या आळीतला चाचा वाचून दाखवायचा, तो कन्नड शाळेत शिकलेला.

वतन गेलं आणि आडनाव उरलं. शाळेच्या दाखल्यावर, मतदार यादीत, रेशन कार्डावर ते पक्कं झालं आणि पुढे पोरांबरोबर धारवाड, कोल्हापूर, पुणे, मुंबई असं फिरलं. बेळगावजवळच्या शिंदोळीत 1933 साली जन्मलेले बी. ए. सनदी कन्नडचे मोठे कवी झाले. कर्नाटक सरकारचा पंप पुरस्कार त्यांना मिळाला. 2019 साली ते गेले. धारवाड दक्षिणमधून 1999 साली प्रा. आय. जी. सनदी लोकसभेवर निवडून गेले. बंगळुरूकडे मात्र या आडनावाची थोडी गल्लत होते, कारण कन्नडमध्ये सनईला सनादि म्हणतात. राजकुमारांचा ‘सनादि अप्पण्ण’ हा 1977 चा चित्रपट, ज्यात सनई बिस्मिल्ला खाँसाहेबांची आहे, तिकडे घराघरात माहीत. ‘तुमच्या घरात सनई वाजवायचे का?’ असं माझ्या भावाला तिकडे नोकरीत विचारलं गेलं. त्याला शेतसनदीची सगळी हकीकत सांगावी लागली.

आमच्या भागात अशी अरबी मुळाची आडनावं पुष्कळ. इनामदार, मुजावर, नदाफ, अत्तार, जमादार, हवालदार, मुजुमदार, मुतालिक. त्यातली काही एका धर्मात स्थिरावली. मुजावर आणि नदाफ मुसलमानांत, मुजुमदार आणि मुतालिक बहुतेक हिंदूंत. इनामदार मात्र सनदीसारखाच सगळीकडे आहे. बेळगावच्या शाळेत माझ्या वर्गात दोन इनामदार होत्या. एक ईदला शीरखुर्मा आणायची, दुसरी संक्रांतीला तिळगूळ. बाईंनी हजेरी घेताना दोघी एकदम ‘हजर’ म्हणायच्या, आणि हजर हाही अरबीच.

सीमाभागात माणसाची मोजदाद सतत चालू असते. भाषा कुठली, शाळा कुठली, मत कुणाला, आणि अलीकडे अधिकच मोठ्यानं, धर्म कुठला. आडनाव ऐकून माणसाला कप्प्यात टाकायची घाई इथं फार आहे. मला माझ्या माहेरच्या आडनावाचा अभिमान वाटतो तो यासाठी, की ते कुठल्याच कप्प्यात बसत नाही. शब्द अरबी, त्याला आणणारे कारकून ब्राह्मण, सनद देणारे धनी मराठे आणि लिंगायत, ती सांभाळणारे सगळ्या जातींचे, आणि त्या सनदेसाठी फासावर गेलेला रायण्णा कन्नड धनगर. यातला एक जरी वगळला, तरी आडनावाचा अर्थ लागत नाही. जे लोक अरबी-फारसी आडनावं बदलून ‘शुद्ध’ करा म्हणतात, त्यांना माझं सांगणं आहे : ते आमच्या शेताचं नाव आहे, आणि शेताचं नाव बाहेरच्यानं बदलायचं नसतं.

माझ्या वाचकांपैकी कुणी सनदी, इनामदार, मुजावर किंवा मुतालिक असाल, तर एवढंच करा. घराच्या पोटमाळ्यावर, देव्हाऱ्याच्या मागं, जुन्या पेटीत मोडीतले कागद असतील, तर घर पाडताना ते रद्दीत घालू नका. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी वाचणारी माणसं आहेत, त्यांना दाखवा. कागद नसेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून सांगितलेलं लिहून काढा, आणि वर त्या माणसाचं नाव आणि त्याला कुणी सांगितलं त्याचंही नाव घाला. आमच्या आज्ज्याचं सांगणं मी तसंच लिहून ठेवलं आहे. वरल्या आळीतल्या सनदींकडचा तो जुना कागद त्यांच्या नातवानं गेल्या वर्षी वाचून घेतला. त्यात आमच्या घराच्या पाळीचा उल्लेख आहे.